सावकाराचा तगादा आणि कर्जदाराचा हक्क

श्रोतेहो, पेरणीच्या तोंडाला बियाण्याला पैसे हवे असतात. घरातले माणूस दवाखान्यात अडलेले असते. मुलांची शाळा उघडायला आठ दिवस उरलेले असतात, आणि सोसायटीचे कर्ज अजून मंजूर व्हायचे असते. अशा वेळी जो गृहस्थ तासाभरात नोटा मोजून हातावर ठेवतो, तो देवासारखा वाटतो. त्याचे खरे रूप दिसते ते हप्ता चुकल्यावर. मग दारात माणसे येतात, चारचौघांत पाणउतारा होतो आणि कर्जदार रात्री दिवा मालवून घरात बसून राहतो. असा हप्ता थकलेल्या माणसाने काय करावे, कोणाकडे जावे आणि कोणत्या गोष्टीला मुळीच भिऊ नये, याचा विचार आज आपण करू.

पहिली गोष्ट ही, की हे दुखणे नवे नाही. १८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी रयत सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच घडले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' असे नाव आहे. यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांची मुख्य मागणी सोन्यानाण्याची नव्हती. त्यांना हवी होती ती खते आणि रोखे. कागद हाती लागला, की त्याची होळी व्हायची. अडाणी कुणब्याला एवढे नेमके कळले होते, की आपला गळफास त्या कागदात आहे. आपण घेतले किती, लिहिले किती, फेडले किती, यातले खरे काहीच त्यावर नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. त्या कायद्याचे मर्म असे, की न्यायाधीशाने नुसत्या रोख्यावर विश्वासू नये. रोख्याच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासावा. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९४६ साली मुंबई सावकारी कायदा झाला. आज महाराष्ट्रात जो कायदा चालतो तो २०१४ चा, 'महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम'. दीडशे वर्षांत कायदे बदलत गेले, पण सूत्र एकच राहिले. कागदावर काय आहे एवढेच पाहू नका, खरा व्यवहार काय झाला ते पाहा.

आता थोडे गणित करू. भिऊ नका, चौथीच्या मुलाला येईल असे आहे.

गावात व्याज 'शेकडा दहा' म्हणून सांगतात, आणि ते महिन्याचे असते. ऐकणाऱ्याला वाटते, शंभराला दहा, म्हणजे काही फार नाही. समजा, एकाने १०,००० रुपये घेतले. दर महिन्याला तो १,००० रुपये नुसते व्याज भरतो. बारा महिन्यांत त्याने १२,००० रुपये भरले, आणि मुद्दल? ते १०,००० तसेच उभे आहे. म्हणजे वर्षाचे व्याज शेकडा १२० झाले. धान्याच्या वाढीदिढीत पायलीला दीड पायली द्यावी लागे, तीही याच्यापुढे बरी म्हणायची.

परवाना असलेल्या सावकाराने किती व्याज घ्यावे, याचे दर महाराष्ट्र शासनाने २०१४ साली ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाला वर्षाला शेकडा ९, बिनतारणी कर्जाला शेकडा १२. शेतकरी नसलेल्याला तारणावर शेकडा १५, बिनतारणी शेकडा १८. हे सगळे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नव्हेत. व्याजावर व्याज लावायला मनाई आहे. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपले वाडवडील याला दामदुपटीचा नेम म्हणत. मग त्या १०,००० रुपयांचा हिशेब कायद्याने मांडला तर काय होते? बिनतारणी शेतकरी कर्ज धरले तर वर्षाचे व्याज १,२०० रुपये. मुद्दल आणि व्याज मिळून ११,२००. आपल्या गड्याने तर १२,००० भरलेले आहेत. म्हणजे त्याचे कर्ज फिटूनही वर पैसे गेले, आणि तो मात्र अजून सावकाराला पाहून रस्ता बदलतो!

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की तगादा सुरू झाला की आधी वही काढा. एका पानावर एक कर्ज लिहा. पैसे कोणाकडून घेतले, कोणत्या तारखेला घेतले, हातात प्रत्यक्ष किती आले, कागदावर किती लिहिले, आजवर किती भरले, पावती आहे की नाही, तारण काय दिले, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही केली आहे का, आणि देताना साक्षीला कोण होते. बायकोला आणि जाणत्या मुलाला जवळ बसवून लिहा. पुष्कळ घरांत नवऱ्याचे कर्ज बायकोला ठाऊक नसते, आणि बायकोने बचत गटातून किंवा शेजारणीकडून घेतलेले नवऱ्याला ठाऊक नसते. सगळे एका जागी आले की भीती निम्मी होते, कारण मग आकडा दिसतो.

दुसरे काम म्हणजे सावकाराची जात ओळखणे. जात म्हणजे कोणत्या तऱ्हेचा सावकार आहे ते. याचे चार प्रकार धरा.

पहिला प्रकार बँक, सोसायटी आणि रिझर्व्ह बँकेत नोंदलेली वित्त कंपनी. यांना सावकारीचा कायदा लागू नाही, त्यांच्यावर त्यांचे त्यांचे नियम आहेत. इथे हप्ता थकणार असे दिसले, तर थकण्याआधीच शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणे हवेत जाते. दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट अशी आपत्ती सरकारने जाहीर केली, की पीककर्जाची मुदत वाढवून नवे हप्ते बांधून देण्याची तरतूद असते. तिची चौकशी करा, आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. दारात येऊन आठवड्याचे, महिन्याचे हप्ते गोळा करणाऱ्या लहान कर्जांच्या कंपन्यांनाही २०२२ पासून नियम आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी नवाच्या आधी व सायंकाळी सहानंतर येता कामा नये.

दुसरा प्रकार परवानाधारक सावकार. हा धंदा करू शकतो, पण नियमाने. त्याने वह्या ठेवल्या पाहिजेत, कर्जाचे विवरण तुम्हाला लिहून दिले पाहिजे, प्रत्येक रकमेची पावती दिली पाहिजे, आणि कर्ज फिटल्यावर कागद व तारण परत केले पाहिजे. रक्कम कोरी ठेवलेला कागद घेणे, किंवा दिले आठ आणि लिहिले दहा असा कागद करणे हा त्याचा अपराध आहे.

तिसरा प्रकार बिनपरवाना सावकार, आणि खेड्यातला खरा त्रास याचा. तो कधी दुकानदार असतो, कधी पुढारी, कधी खतबियाण्याचा व्यापारी. तोंडाने गोड. कागद मागितला तर म्हणतो, "अरे बाबा, आपल्यात कागद कशाला? विश्वास आहे ना?" आणि स्वतः मात्र स्टँपवर सही घेऊन ठेवतो. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. कर्ज देतेवेळी परवाना नसेल, तर अशा सावकाराच्या वसुलीच्या दाव्यात न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. मेहुण्याने किंवा मित्राने अडचणीत बिनव्याजी हातउसने दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. त्या माणसाला कायद्याचा धाक घालणे हे लबाडीचे काम होईल.

चौथा प्रकार नवा आहे, तो मोबाइलमध्ये राहतो. ॲप उतरवा, आधार कार्डाचा फोटो काढा, आणि पाच मिनिटांत पैसे घ्या. परदेशांत पगाराच्या दिवसापर्यंत थोडे पैसे देणारे सावकार असतात, त्यांचाच हा भाऊबंद. याचेही गणित पाहा. कर्ज ५,००० चे, पण नाना खर्च कापून खात्यात आले ३,५००. सातव्या दिवशी परत करायचे ५,०००. म्हणजे ३,५०० रुपयांना एका आठवड्याचे १,५०० रुपये. वर्षाचा दर काढला तर शेकडा दोन हजारांच्याही वर जातो. गावच्या सावकाराने लाजून मान खाली घालावी असा हा दर आहे. आणि सातव्या दिवशी पैसे नसले, की दुसरे ॲप तयारच असते. पहिल्याचे फेडायला दुसरे, दुसऱ्याचे फेडायला तिसरे. चार महिन्यांत पाच हजारांचे लाख होतात ते असे.

या व्यवहारालाही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून दिले, आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा जारी केले. कर्ज देणारी बँक किंवा नोंदलेली कंपनी कोण, हे ॲपने सांगितले पाहिजे. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, त्याचे पत्रक आधी दिले पाहिजे. पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत. घेतलेले कर्ज नको वाटले, तर परत करायला निदान एक दिवसाची मुभा असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुमच्या फोनमधली नावांची यादी, फोटो, कोणाला फोन केले त्याची नोंद, यांना हात लावायचा ॲपला अधिकार नाही. जे ॲप या गोष्टी मागते, ते तुमची नड भागवायला आलेले नाही, तुमची अब्रू गहाण घ्यायला आलेले आहे. कर्ज देणाऱ्या ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. त्यात नाव नसेल, तर त्या वाटेला जाऊच नये.

आता तगाद्याबद्दल. वसुली करणारा मागणी करू शकतो, त्यात गैर काही नाही. पण शिवीगाळ, धमकी, मारहाण, दारात धरणे, गुरेढोरे किंवा मोटारसायकल ओढून नेणे, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणे, यातले काहीही त्याला करता येत नाही. कर्जदाराला छळणे हा सावकारी कायद्यानेही गुन्हा आहे. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे.

दुसरी भीती असते ती बेडीची. फोनवरून कोणी दरडावतो, "पोलीस निघालेत, तासाभरात उचलतील." श्रोतेहो, पैसे फेडता न येणे हा स्वतः काही फौजदारी गुन्हा नव्हे. तो दिवाणी मामला आहे. फोनवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून कोणाला अटक होत नसते. मात्र तुम्ही चेक दिलेला असेल आणि तो न वटता परत आला, तर गोष्ट निराळी. त्याची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावे लागतात, नाहीतर फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून नोटीस आली तर ती आढ्याला खोचून ठेवू नका. त्याच दिवशी वकिलाला दाखवा. चेक सावकाराने जबरदस्तीने कोरा घेतलेला असेल, तर तेही उत्तरात लिहून गेले पाहिजे.

तिसरी भीती नातवंडांची. "माझे कर्ज माझी पोरे जन्मभर फेडणार," असे म्हणून माणूस आतल्या आत जळतो. तसे नाही. बापाच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मुलाच्या कष्टाच्या कमाईवर तिचा बोजा पडत नाही. मुलाने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल, तर ती गोष्ट वेगळी.

आणि आता जमिनीबद्दल, कारण शेतकऱ्याचे खरे मरण तिथे आहे. सावकार पैसे देतो आणि तारण म्हणून गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी सांगतो, "पैसे दिलेस की पलटून देईन." दोन वर्षांनी शेतकरी पैसे घेऊन जातो, तर सावकार म्हणतो, "कसले पैसे? जमीन तर मी विकत घेतली आहे." सातबारा पाहावा, तर नाव फिरलेले. पुष्कळ माणसे इथे हात टेकतात. पण २०१४ च्या कायद्याने इथे एक दार उघडे ठेवले आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेली स्थावर मालमत्ता असेल, मग कागद खरेदीचा असो, भाडेपट्ट्याचा असो वा अदलाबदलीचा, तर अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी जिल्हा निबंधक करू शकतो. व्यवहार सावकारीचाच होता असे सिद्ध झाले, तर ते खत रद्द ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश तो काढू शकतो. सावकाराला वर अपील करता येते, म्हणून निकालाला वेळ लागतो. पण दार बंद नाही.

पुरावा काय द्यावा, असे कोणी विचारील. तर पाहा. त्या वेळचा जमिनीचा सरकारी भाव आणि खतातली किंमत यांत मोठे अंतर असेल, तर तो पुरावा. खरेदी होऊनही जमीन तुम्हीच कसत असाल, तर ते पुराव्याला धरून. व्याज भरल्याच्या चिठ्ठ्या, बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी, सावकाराने पाठवलेले निरोप, आणि त्याच सावकाराने गावात इतरांकडून करून घेतलेली तशीच खते. एका माणसाचा अर्ज दबतो. पाच जण मिळून गेले की व्यवहाराची तऱ्हा उघडी पडते.

आता जायचे कोठे? सावकाराविरुद्धची तक्रार तालुक्याच्या ठिकाणी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करावी. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक असतो, तोच सावकारांचा जिल्हा निबंधक. परवाना असलेले सावकार कोण, हेही तिथेच कळते. या अधिकाऱ्यांना सावकाराच्या घराची, दुकानाची झडती घेऊन कागद ताब्यात घेता येतात. धमकी किंवा मारहाण असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. मोबाइलवरच्या छळासाठी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. तिथे बोलण्याआधी धमकीचे निरोप पुसू नका, ते जपून ठेवा. बँक किंवा वित्त कंपनीने तक्रारीचा तीस दिवसांत निकाल लावला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. वकिलाला पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न विचारता, आणि इतर गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत वकील मिळतो. आणि दावा झालाच, तर परिस्थिती पाहून हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात कागद वाचणारे माणूस म्हणून लोक तुमच्याकडे येतात. कोणी स्टँप घेऊन आला, तर त्याच्यासमोर तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा. 'खरेदी' हा शब्द आहे की 'गहाण' हे बोट ठेवून दाखवा. व्याजाचे गणित शिकवताना पुस्तकातल्या 'अ' आणि 'ब' यांच्या ऐवजी गावचा 'शेकडा दहा' फळ्यावर मांडा, आणि ॲपचे ३,५०० आणि ५,००० ही मांडा. मुलगी घरी जाऊन आईला विचारील, "आई, आपले व्याज महिन्याचे की वर्षाचे?" त्या एका प्रश्नाने एखादे घर वाचेल.

आणि शेवटी जी गोष्ट बोलायला जड जाते ती. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे आपण जाणतो. माणूस गेला म्हणून कर्ज जात नाही. उलट, हिशेब ठाऊक असलेला एकमेव साक्षीदार जातो, आणि सावकार विधवेपुढे हवा तो आकडा ठेवतो. ज्याचे मन असे खचले असेल, त्याने आजच कोणाशी तरी बोलावे. घरात बोलवत नसेल, तर १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते. शेजारपाजाऱ्यांनीही नुसते "धीर धर" म्हणून थांबू नये. त्याच्यासोबत निबंधकाच्या कचेरीपर्यंत जावे. एकटा माणूस दारातूनच परत फिरतो, दोघे गेले की आत जातात.

खरे देणे असेल ते द्यावे, त्यात आपलीच पत आहे. पण पावतीशिवाय एक रुपया देऊ नये, कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि एका सावकाराचे फेडायला दुसऱ्याच्या दारी जाऊ नये. १८७५ साली रयतेने कागद जाळले, कारण ते वाचता येत नव्हते. आज आपल्याला वाचता येते. तेव्हा आज संध्याकाळी जेवणे झाली, की वही काढा आणि पहिल्या पानावर तारीख घाला.